रत्ना कुणाच्या शाळेची

खिडकीबाहेरून रायबाने पाहिलं, तर त्याची रत्ना पहिल्या बाकावर बसली होती. गळ्यात लाल टाय, पायांत काळे बूट. दोन्ही ह्या खालच्या गावातल्या शाळेने दिलेले. रत्ना शिकत होती ती मात्र वरच्या वाडीच्या शाळेत, तिसरीत.

काल खालच्या शाळेचे हेडमास्तर स्वतः डोंगर चढून त्याच्या गोठ्यापाशी आले होते. "रत्नाला आमच्या वर्गात बसव, एका दिवसाचा प्रश्न आहे, रायबा. तपासणीला साहेब येतायत. आपल्याच गावाचं नाव होईल." एवढा मोठा माणूस दारात आलेला. रायबाला नाही म्हणवलं नाही.

वाडीपर्यंत साहेबांची गाडी जात नव्हती, म्हणून वरच्या शाळेची तपासणीही खालीच ठेवली होती. तिथली चिमुरडी पोरं भिंतीकडेला सतरंजीवर बसली होती आणि त्यांच्याजवळ नबीलाबाई. वेल्ह्याहून स्कूटरवर यायचं आणि पुढची चढण पायी चढायची, असा या बाईंचा रोजचा क्रम. रत्नाला पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलेलं. टाय घातलेल्या रत्नाकडे त्यांनी पाहिलं, मग खिडकीतल्या रायबाकडे, आणि मान फिरवली.

साहेबांनी रत्नाला धडा दिला. तिने तो घडाघडा वाचला. फळ्यावरचा भागाकारही चटकन सोडवला. मग साहेब सतरंजीकडे वळले. पहिलीतला गेनू बुजला आणि रडायलाच लागला.

"बघा," साहेब जमलेल्या गावकऱ्यांना म्हणाले, "डोंगर एकच, पण दोन शाळांत फरक केवढा. वरची बंद करून मुलं इकडेच आणलेली बरी."

नबीलाबाई उठल्या. "साहेब, ती मुलगी..."

"बाई, तुमच्या शाळेची पाळी झाली," हेडमास्तर हसत म्हणाले.

त्या हसण्याने रायबाचं डोकं सणकलं. पावसाळ्यात ओढा फुगला की गेनूएवढी पोरं खाली यायची कशी? आणि शाळेवर घाव घालायला ह्यांनी वापरली ती त्याचीच लेक. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा काल त्याने आपल्या हातानं दिला होता.

वहाणा दाराशी काढून तो सरळ वर्गात शिरला.

"साहेब, ही पोर वरच्या शाळंची हाय. ह्या बाईंनी शिकिवलीया तिला."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. "मग ही इथं कशी?"



रायबाने वाकून रत्नाचा टाय सोडवला आणि बाकावर ठेवला.

"लग्नात शेजारची भांडी मागून आणत्यात, तशी आणलीया," तो म्हणाला. "तुमची जेवणं उरकली. आता आमचं आमी माघारी न्हेतो."