साडेतीन गोणी

"काका, घरात माणसं जास्त असतील तर डिझेल घ्या. दोघंच फिरणार असाल तर छोटं पेट्रोल इंजिन भरपूर झालं." शोरूममधली अनुया हे तिसऱ्यांदा सांगत होती, आणि ओवे गावचा जगन पाटील तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन रस्ता बघून येत होता.

त्या सात सीटच्या गाडीची कुळकथा अनुयाला तोंडपाठ होती. पहिली गाडी जीपच्या सांगाड्यावर उभी केलेली, एकच डिझेल इंजिन, खड्डा आला की माणूस छताला. दुसरी लांब झाली, मऊ झाली. आता ही तिसरी. हिला इंजिनं तीन: छोटं पेट्रोल, बॅटरीच्या जोडीनं चालणारं हायब्रिड आणि दणकट डिझेल. पण डिझेल कंपनी आता बंद करणार होती. यार्डात एकच उरली होती आणि तिच्यावर उरणच्या एका गिऱ्हाइकाचा डोळा होता. बारा वाजेपर्यंत काय ते सांगा, असं मॅनेजरनं बजावलं होतं.

पहिल्या गाडीची कथा जगनला सांगायची गरजच नव्हती. ती बाहेर उभी होती, अठरा वर्षांची, दाराचा रंग उडालेली. दर चैत्रात सगळं घर तिच्यातून एकवीरेला जायचं. यंदा मात्र दोन्ही मुलांनी सांगून टाकलं होतं, आम्ही आमच्या आमच्या गाडीनं येऊ. एका घरानं देवीला तीन गाड्यांतून जायचं, हे जगनच्या घशाखाली उतरत नव्हतं. म्हणून त्यानं सगळ्यांना आज इथं बोलावलं होतं. नव्या गाडीत एकदा सगळे बसले की विरघळतील, अशी त्याला आशा होती.

साडेदहाला खारघरहून थोरल्या भावेशचा फोन आला, घरी पाहुणे आलेत म्हणून. द्रोणागिरीच्या गोदामात नोकरीला असलेला धाकटा प्रणित तर फोनच उचलत नव्हता.

"पोरी, चावी आण," जगन म्हणाला. "भरल्या गाडीनं कर्नाळ्याचा चढ चढल्याबिगर इंजान कळत नाय."

तरुणपणी मिठागराचा ट्रक चालवलेला माणूस तो. रिकामी गाडी पळवून खूश होणाऱ्यांना तो जन्मभर हसत आला होता.

"आन् भरायची कशानं?" त्याची बायको भामा म्हणाली.

जगननं जुन्या गाडीचं मागचं दार उघडलं. आत तांदळाच्या गोणी होत्या. वॉचमनला हाताशी घेऊन त्यानं एकेक गोण नव्या गाडीच्या सीटवर नेऊन बसवली. सीटवर वजन आलं आणि पट्टा नाही म्हटल्यावर गाडी केकाटायला लागली. तसा जगननं प्रत्येक गोणीला पट्टा बांधला. हसावं की मॅनेजरला हाक मारावी, ते अनुयाला कळेना. शेवटी ती गुपचूप त्याच्या शेजारी बसली. भामा मागे, दोन गोणींच्या बाजूला.

गाडी पळस्पे मागे टाकून कर्नाळ्याकडे निघाली. भामानं मागे वळून गोणी मोजल्या.

"तीन पन्नास-पन्नासच्या. भावेश, त्याची बायको मनिषा नि प्रणित. भावेश इतका हलका कवा होता?" ती हसली. मग तिची नजर सगळ्यात मागच्या सीटवर गेली. तिथली गोण अर्धीच भरून वरून सुतळीनं बांधली होती. "आन् ही अर्धी?"

"मिताली," जगन म्हणाला.

मिताली म्हणजे नात, भावेशची लेक, दुसरीतली. भामाचं हसू गेलं.

"म्हंजे पोरं येणार नाय, ते तुमाला सकाळीच म्हाईत होतं."

जगननं गिअर बदलला. चढ लागला. गाडी कुठेही न कुरकुरता वर गेली, मागे वजन आहे हे तिच्या गावीही नव्हतं. अशा इंजिनावर जगननं एरवी जीव ओवाळून टाकला असता. आज त्याला रडू येईलसं वाटलं, आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.

खिंडीतून गाडी वळवली तेव्हा भामानं फोन काढला. "भावेश, तुझ्या जागेवर तुझ्या बापानं तांदळाची गोण बसवलीय. पट्टा बांधून. येऊन बघ." एवढं बोलून तिनं फोन बंद केला.

शोरूमच्या फाटकाशी भावेश उभा होता, धापा टाकत, पायात घरातल्या चपला. गाडी थांबताच त्यानं मागचं दार ओढलं. "बाबा, हे काय चाललंय? लोकं काय म्हणतील? मोठी गाडी घेऊ नका म्हटलं ना, आम्ही आमच्या..."

तो एकेका गोणीकडे बघत राहिला. सगळ्यात मागच्या अर्ध्या गोणीपाशी त्याची नजर थांबली.

"मी कुठं बसू?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझी जागा धरून ठेवलीय. गोण उतरव नि बस," जगन म्हणाला.

भावेशनं पट्टा सोडला, गोणीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि दोनदा फसून तिसऱ्यांदा ती खाली उतरवली. शर्ट तांदळाच्या धुळीनं पांढरा झाला. तो आत बसला. गाडी पुन्हा केकाटली. भामानं हात लांब करून त्याचा पट्टा लावून दिला.

अनुयानं घड्याळ बघितलं. बाराला दहा कमी होते. "काका, मग डिझेलच फायनल करू ना?"

जगननं आरशात मागे पाहिलं.

"थांब पोरी. अजून अडीच गोणी उतरायच्या हायत."