बारा वाफे, सहा पुड्या

दोरी नसलेल्या वाफ्यातला कांदाही तेवढाच भरला. प्रेरणानं तो काट्यावरून उचलला, माती झटकली आणि पुन्हा ठेवला. शहाऐंशी ग्रॅम. शेजारच्या निळ्या दोरीच्या वाफ्यातला सत्त्याऐंशी होता.

पैठणच्या अलीकडे, गोजरबाईंच्या शेतात तिचे बारा वाफे होते. सहांना निळी दोरी, सहांना काहीच नाही. दोरीच्या वाफ्यांत लागणीच्या दिवशी मायकोरायझाची पावडर पडली होती. ही बुरशीच, पण पिकाच्या बाजूची. मुळांत घर करते, केसाहून बारीक धागे लांबवर पसरवते आणि मुळं पोचत नाहीत तिथलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पिकाला आणून देते. बदल्यात पिकाकडून थोडी साखर घेते, एवढंच तिचं भाडं. बिनदोरीच्या वाफ्यांना मुद्दाम काही द्यायचं नव्हतं. दोन्हींतला फरक मोजायचा आणि एमएस्सीचा प्रबंध लिहायचा, असा साधा बेत होता.

बेत साधा असला तरी नशीब साधं नव्हतं. गेल्या वर्षी गोदावरीच्या पुरानं अख्खा प्रयोग धुऊन नेला होता. औरंगपुऱ्यातल्या घरून वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा पदवी घे नाहीतर शिक्षण बस झालं. आणि उद्या सकाळी मार्गदर्शक सर कांदे बघायला येणार होते.

प्रेरणानं प्रत्येक वाफ्यातले दहा-दहा कांदे मोजले. फरक नव्हता. शेवटी तिनं वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली.

गोजरबाई पाटाच्या कडेला बसून कांद्याची पात कापत होत्या. साठी उलटली तरी शेत एकट्यानंच कसत होत्या.

“काय लिवलं, ताई?”

“या बुरशीनं कांद्याला काही फायदा होत नाही.”

गोजरबाईंचा विळा थांबला. “खोटं हाय ते. लई गुणाची पावडर हाय ती. फरक दिसंल कसा? म्या समद्यांना टाकलीय.”

प्रेरणा जागच्या जागी खाली बसली. लागणीच्या दिवशी दुपारी तिला कॉलेजातून फोन आला होता. सहा पुड्या गोजरबाईंच्या हाती देऊन ती एसटीनं शहराकडे निघून गेली होती. रोपं लावताना दोरीच्या वाफ्यात मुळाशी टाका, एका वाफ्याला एक पुडी, असं तिनं तीनदा बजावलं होतं. बजावण्यापेक्षा स्वतः उभं राहायला हवं होतं, हे तिला आत्ता कळलं.

“अहो मावशी, सहा पुड्या बारा वाफ्यांना पुरल्या कशा?”

“अर्धी अर्धी केली. सहा वाफ्यांना द्यायचं अन् बाकीच्यांनी काय नुसतं बघत बसायचं? माझा हातच हुईना.”

“बघत बसायलाच तर लावले होते ते!”

गोजरबाईंना यात आपली काही चूक दिसेना. प्रेरणाला मात्र रडू आवरेना. राग काढायलाही जागा नव्हती. बाईनं कामचुकारपणा केला नव्हता, उलट सांगितल्याच्या दुप्पट काम केलं होतं. आपलं वर्ष कुणाच्या चांगुलपणानं बुडेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“उद्या सरांना काय दाखवू?” ओढणीनं डोळे पुसत ती म्हणाली. “तुमच्या शेतात पावडर न मिळालेला एक तरी कांदा आहे का?”

“हाय की. ज्वारीच्या पल्याड.”

प्रेरणा उठली. ज्वारी डोक्याइतकी उंच होती आणि तिच्या पलीकडे जायचं तिला कधी काम पडलं नव्हतं. तिथं चार छोटे वाफे होते. तिचीच उरलेली रोपं, गोजरबाईंनी त्याच संध्याकाळी लावलेली. माती तीच, विहीर तीच, खतही तेच. पण पात निस्तेज आणि शेंड्याला पिवळी पडलेली. तिनं पहिला कांदा उपटला. लिंबाएवढा होता. काट्यावर एकेचाळीस ग्रॅम भरला. दुसरा अडतीस. मग तिनं चारही वाफ्यांतले दहा-दहा कांदे मोजले. पन्नाशी एकानंही गाठली नाही.

तिला इतका आनंद झाला की तिनं मातीच्या हातांनीच गोजरबाईंचे हात धरले. ठरवल्यासारखा प्रयोग झाला नव्हता, ते तसंच्या तसं लिहावं लागणार होतं. सर दोन शब्द सुनावणार, हेही ठरलेलं. पण दाखवायला फरक होता, आणि तो लहान मुलालाही दिसला असता. शिवाय अर्ध्या पुडीत काम भागतं, हा शोध तिनं लावायला घेतलेलाच नव्हता. तो वरकड मिळाला.

गोजरबाईही हसल्या. पोरगी रडायची थांबली, एवढंच त्यांना पुरे होतं. त्यांनी उपटलेले बारके कांदे एक एक करून ओच्यात भरले. ते बघताना प्रेरणाचं हसू ओसरलं. हा कांदा बाजारात कुणी हातात धरला नसता.

“हे वाफे कुणाचे, मावशी?”

“माझेच की. घरी वर्षभर खायाला.”

“मग यांना का नाही टाकली? चिमूट चिमूट तरी टाकायची.”

गोजरबाईंनी तिच्याकडे नवलानं बघितलं. एवढी शिकलेली पोर आणि हे विचारते.

“समद्यांना देऊन होस्तवर पुडीत काय उरलंच नाय,” त्या म्हणाल्या. “अन् वाढणारीनं आधी आपल्याच पानात घ्यायचं असतं व्हय, ताई?”