मेस्त्री आळीचा पाइप

भिकाजी मेस्त्रींनी दवाखान्याचा कागद सांडपाणी केंद्राच्या टेबलावर आपटला. "बघ वत्सला, मला काही झालेलं नाही. तुझे जंतू खोटारडे आहेत."

मेस्त्री आळीच्या पाइपातले जंतू चार दिवस निळे पडत होते. ज्याच्या पोटात गाठ धरू लागली आहे, त्याचं मैलापाणी आलं की ते निळे पडत. पाणी तळ्यात सोडण्याआधी रोज ते पाहणं हे वत्सलाचं काम. आळीतली बाकीची तिन्ही घरं तपासून झाली होती.

"काका, घरात तुम्ही एकटेच संडासला जाता काय?" तिनं विचारलं.

भिकाजींनी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. दवाखान्याचं बोलावणं घराला होतं, आणि घर म्हणजे आपण, असं धरून ते एकटेच जाऊन आले होते. बायकोला, आनंदीला, न्यायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गेले. गाठ हरभऱ्याएवढी होती. डॉक्टरांनी ती काढली आणि वेळेवर आलात म्हणाले.

आठवड्यानं भिकाजी गुळाची ढेप घेऊन केंद्रावर आले. जंतूंना गूळ लागतो, हे त्यांनी गावात विचारून घेतलं होतं.

"एवढ्यानं अजीर्ण होईल त्यांना, काका. मूठभर पुरे."

त्यांनी चपला काढल्या, एक खडा फोडून जंतूंच्या टाकीत सोडला आणि हात जोडून "चुकलो, बाबांनो," म्हणाले. उरलेली ढेप मात्र परत फडक्यात बांधली.

"टाके निघाले की आनंदी स्वतः येणार आहे. तिच्या हातचाही खाऊ देत."