दोष आमचाच

शेणाचा गोळा फाटकावर बसला आणि कुंदा पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. मोरिवलीची विठा रस्त्याच्या पलीकडे पदर खोचून उभी होती.

"तुझे नवऱ्याला बाहेर काढ," ती म्हणाली.

शरदचंद्र व्हरांड्यातच होते. पेपर खाली न ठेवता ते नुसते बसून राहिले. कुंदाला त्या शेणापेक्षा या बसण्याची जास्त चीड आली.

विठाचा अक्षय फौजेत मशीनगन चालवायचा. सीमेवरच्या चौकीवर ऐन चकमकीत त्याची मशीनगन अडकली. एक गोळी सुटली आणि पुढे ती मुकीच झाली. तो खटके ओढत राहिला आणि तिथेच संपला. तपासणीसाठी ती मशीनगन, जिथे बनली होती त्या अंबरनाथच्या कारखान्यात परत आली, ती शरदचंद्रांच्याच टेबलावर. हत्यारं पारखण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. ती उघडून पाहिल्यावर ते कोणाला न विचारता तडक मोरिवलीला गेले आणि विठाच्या नवऱ्याला, रघुला, एवढंच म्हणाले, "दोष आमचाच."

झालं. स्वतःच्या हातांनी पायावर धोंडा मारून घेतला. तेव्हापासून भाजीवाली कुंदाला कुजकं तेवढं काढून द्यायची. मुलगा राजस बापाशी बोलेनासा झाला आणि बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, भाड्याने राहायला गेला. कचेरीत मात्र शरदचंद्रांना कोणी एका शब्दाने जाब विचारला नाही. कुंदाने त्यातून काढायचा तोच अर्थ काढला. चोर चोर मावसभाऊ.

फाटक धुऊन झाल्यावर ती सरळ मोरिवलीला गेली. विठाच्या ओटीवर उभं राहून तिने नवऱ्याच्या वतीने माफी मागितली. विठाने तिला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"माफीनी माझा पोर येल का?" विठा म्हणाली. मग तिला बोलल्यावाचून राहवेना. दसऱ्याला अक्षयच्या पलटणीत शस्त्रपूजा होती, घरच्यांना बोलावणं होतं. ती आणि रघु दोन गाड्या बदलून गेले होते. नांगर पुजावा तशी तिने पोराची मशीनगन पुजली, हार घातला, ओवाळली, अक्षता वाहिल्या.

"सगल्यांनी वरवर केली पूजा. मी नाय. बैलाला घास भरवतो तशा माझे हातानी अक्षता भरवल्या तिचे तोंडात. साहेब बोलले, आता पुसून घ्या. आक्षय बोलला, आयेचा हात लागलाय, मी नाय पुसायचा. साहेबाला न सांगता तशीच घेऊन गेला चौकीवर." तिने कुंदाकडे बोट रोखलं. "देवानी राखला असता त्याला. तुझे नवऱ्यानी मारला."

कुंदा खाली मान घालून परतली. वाटेत तिला रडू आलं नाही, राग मात्र मस्तकात गेला. एका आईने एवढं जीव ओतून पुजलेलं हत्यार, आणि या माणसाच्या कारखान्याने ते भंगार द्यावं? तीस वर्षं आपण कोणाच्या ताटात वाढलं?

घरी येताच तिने कपाट उघडून बॅग भरायला घेतली. शरदचंद्र दारात येऊन उभे राहिले. कुठे चाललीस, असं त्यांनी विचारलं. राजसकडे, ती म्हणाली, आणि परत येणार नाही.

"जाण्याआधी एकच सांगा," ती म्हणाली. "काय दोष होता त्या मशीनगनमध्ये? मी कसलं शेण धुतेय ते तरी मला कळू दे."

मग त्यांनी पुढचं दार लावून घेतलं.

"विठाबाईंना कधी सांगणार नाहीस?"

"नाही."

"माझी शपथ घे."

तिने घेतली. रागानेच घेतली.

"मशीनगनमध्ये काही दोष नव्हता," शरदचंद्र म्हणाले. "गोळी सुटली की नळीतला वायू ज्या बारीक भोकातून मागे येऊन पुढची गोळी चढवतो, त्यात तांदूळ अडकले होते. कुंकू लावलेले."