मनगटावरची पट्टी

संध्याकाळ झाली की नलूआजी वृद्धाश्रमाचं दार बडवायच्या, धरायला जाईल त्याला ओरबाडायच्या. सिस्टर प्रणितानं शांत करणाऱ्या गोळ्यांची डबी आणली. पण आजींना काय होतंय ते आपल्या अंगाला कळल्याशिवाय ती डबी हल्ली उघडत नसे. एकीच्या अंगातलं दुसरीला जाणवून देणाऱ्या पट्ट्यांपैकी एक तिनं आजींच्या मनगटाला बांधली, जोडीची स्वतःच्या.

लगेच तिच्या छातीत पान्हा दाटून ठणकू लागला. आजींचा मुलगा साठीचा झाला होता. त्यांच्या अंगाला मात्र तो अजून तान्हाच होता, घरी भुकेला.

प्रणितानं डबी बाजूला सारली. "आजी, बाळ पोटभर प्यायलंय. झोपलंय."

आजी निवल्या. पट्टीतून इकडचंही तिकडे जातं, हे प्रणिता विसरलीच होती. आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"आणि तुझं गं? कुणापाशी ठेवून आलीस?"