काटेरी मुसकं

गुरांचे डॉक्टर बासाल्दोंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा उतरवला आणि खोड्यातल्या गाईच्या पाठीवर थाप मारली. "ही रिकामी. गेल्या वर्षीही रिकामीच होती."

"मग चढवा कसायाच्या ट्रकात," कुंपणावर बसलेला रुफीनो म्हणाला. "भाकड गाय फुकट कोण पोसणार?"

फुकट पोसण्याबद्दल आपल्या धाकट्या भावाने बोलावं, याचं नेलिदाला हसूही येईना. चाळिशी उलटलेला बाप्या. त्याचं रांधायचं तिने, मोजे धुवायचे तिने, आणि हा कुंपणावर बसून हुकूम सोडणार. याच्यापायी तिने गावात घोड्यांची जीनं शिवणाऱ्या एलाडिओला ताटकळत ठेवलं होतं. लग्नाला हो म्हणायचं तर भावाचं कसं होईल, म्हणून. आपल्याइतकी मूर्ख बाई साऱ्या मुलखात नसेल, असं तिला वाटलं.

खोड्याचं दार उघडलं. गाय बाहेर पडते न पडते तोच एक खोंड धावत आला. शिंगं फुटलेला, आईपेक्षा उंच. कासेला तोंड पोचावं म्हणून त्याने पुढचे गुडघे टेकले आणि ढुशा देत पिऊ लागला. गाईच्या बरगड्या दिसत होत्या. ती मुकाट उभी राहिली.

"हा अजून पितोय?" डॉक्टर म्हणाले. "मग ती गाभण राहणार कशी? अंगातलं सगळं हाच ओढून घेतोय. याला दुधापासून तोडायचं काम कुणाकडे होतं?"

"मुसकं बांधायला मन होईना हो," रुफीनो म्हणाला. "बिचारा लहान होता."

ते मुसकं शेडमधल्या खिळ्याला कोळिष्टकांसकट लटकत होतं. वासराच्या नाकावर बांधलं, की त्याचे काटे आईला टोचतात आणि तीच लाथ मारून त्याला हाकलते. म्हणे मन होईना. खिळ्यापर्यंत चालायचा कंटाळा, दुसरं काय.

"गाय राहील," नेलिदा म्हणाली. "ट्रकात खोंड जाईल."

दुपारी रुफीनो टेबलाशी पाय पसरून बसला होता. "त्या जीनवाल्याला नाही म्हणून कळवून टाक बघू, ताई. तू गेलीस तर मला जेवायला कोण घालणार?"

तो थट्टा करत नव्हता. माते नावाचा कडवट चहा प्यायचा रिकामा भोपळा त्याने न बघताच तिच्यापुढे धरला. रोज असाच धरायचा, आणि ती गरम पाणी घालून पुन्हा त्याच्या हातात द्यायची.

नेलिदाने भोपळा घेतला. रुफीनोच्या पुढे केलेल्या तळहाताला काहीतरी टोचलं, तसा तो दचकून वळला. त्याच्या हातात शेडमधलं काटेरी मुसकं होतं.

"रविवारी मी एलाडिओकडे जातेय," ती म्हणाली. "हे तू बांधून घेतोस, की मी बांधू?"