हातगुण

"अजून पातळच आहे," डॉक्टरीणबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

सून छताकडे बघत पडून राहिली. तिथला ओलीचा डाग आता तिच्या ओळखीचा झाला होता.

"जेल रोज लावता?"

"रोज. एक दिवस चुकला नाही."

"लावून लगेच धुऊन टाकत नाही ना?"

"छे. पार जिरेपर्यंत चोळणं चालतं."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. पहिल्या हार्मोननं गर्भाशयाचं अस्तर जाड व्हायचं, मग दुसऱ्यानं ते गर्भ धरण्याजोगं व्हायचं, आणि त्या मोजक्या दिवसांत गोठवून ठेवलेला गर्भ आत सोडायचा. इथं पहिल्याच पायरीवर घोडं अडलं होतं. मागच्या दोन खेपा अशाच फुकट गेल्या होत्या. गर्भ एकच उरला होता.

"असल्या अस्तरावर तो सोडणं म्हणजे खडकावर बी टाकणं. डोस दुप्पट करू. याही वेळी नाही वाढलं, तर मात्र मी तुम्हाला थांबायला सांगेन."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाली?"

"पातळ."

"तिचं मशीनच पातळ असेल."

"डोस दुप्पट केलाय, आई."

"मग दुप्पट लावू. बैस इथं, बाही वर कर."

गोळ्यांनी सुनेला ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून त्या पहिल्या हार्मोनचं हे दंडाला चोळायचं जेल आलं होतं. ती कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. प्लास्टर कालवून आणि नकली दात घासून तिच्या तळहातांना चिरा पडल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी तिला स्वतःच जेल चोळताना बघून सासूबाईंनी बाटली हिसकावून घेतली होती. "हे हात आहेत की कानस? सालपटं निघतील. आण इकडे. माझ्या हाताला गुण आहे."

तो होताच. त्यांनी खोचलेली वाळकी काडीसुद्धा पालवायची. त्या दिवसापासून हे काम त्यांचं झालं.

जेल ओंजळीत घेऊन त्या मनगटापासून खांद्यापर्यंत, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढत, सावकाश चोळत बसायच्या.

"आई, ती सून आहे, कणीक नाही," नवरा पेपराआडून म्हणायचा.

"तू गप. तुलाही असंच मळून मोठा केलाय."

तळव्यांना राहिलेलं त्या आपल्या कोपरांना, मानेला पुसायच्या. गार वाटायचं, आणि एवढं महागाचं औषध फडक्याला पुसायचं त्यांच्या जिवावर यायचं.

कारखान्यात सुनेचं चित्त ठिकाणावर नव्हतं. परक्यांच्या तोंडात बिनचूक बसतील असे दात ती रांगेनं बसवायची, आणि स्वतःच्या पोटात एक पापुद्रा वाढवता येत नव्हता. एकदा तिनं तयार कवळी रागानं टेबलावर आपटली. दोन दात उडाले. "कुणाला चावलीस गं?" शेजारच्या टेबलावरची म्हणाली. सगळ्या हसल्या. ती दात शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

घरात ज्याला त्याला बरे दिवस आले होते, एक तिला सोडून. सासूबाईंचंच बघा. पाळी जाऊन कित्येक वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातली आग गेली नव्हती. भर थंडीत खिडकी सताड उघडी टाकून, मानेवर ओला टॉवेल घेऊन बसायच्या आणि घरादारावर डाफरायच्या. यंदा खिडकी बंद होती. अंगावर शाल होती. पडल्या पडल्या घोरायला लागत होत्या. कांतीसुद्धा उजळली होती.

"नातवंडाची आशा," नवरा हळूच म्हणाला. "माणूस आशेनं टवटवीत होतं."

"मला का नाही होत मग?" सून म्हणाली. त्यानं पेपर उलटला.

डोस दुप्पट झाला. चोळणंही वाढलं.

पुन्हा ते टेबल, तो डाग. डॉक्टरीणबाईंनी यंत्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. मग हात पुसले.

"नाही. जिथल्या तिथं आहे. गर्भ राहू दे सुरक्षित, पण तुमचं शरीरच दाद देत नाहीये. थांबू या आता."

घरी आली तर दारात कोणी नव्हतं. एरवी हे कधी व्हायचं नाही. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं. तिनं दाराला पाठ टेकली.

"आई, संपलं. कणभरही वाढलं नाही. एवढं तुम्ही जीव लावून केलंत, पण माझ्या अंगाला काही लागतच नाही."

तिनं कोपरानं दार ठोठावलं.

"ऐकलंत का?"

कडी निघाली. दार बोटभर उघडलं. फटीतून सासूबाईंचा चेहरा दिसला, शाळकरी पोरीसारखा गोरामोरा झालेला.

"हसशील हं मला," त्या कुजबुजल्या. "तुझ्या कपाटातलं एक पॅड दे."